पुदिना जिभेला गार, पोटाला उष्ण

प्रश्न असा आहे: "मला दोन वर्षांपासून आम्लपित्ताचा त्रास आहे. पुदिना थंड असतो म्हणून सासूबाईंच्या सांगण्यावरून महिनाभर रोज रात्री जेवणानंतर पुदिन्याचं पाणी घेतलं, पण जळजळ वाढली. सोडून देऊ का? आमच्या दहा महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली की घरात रुमालाला अमृतधारा लावून हुंगवतात, ते चालतं का? आणि धाकट्या नणंदेला पीसीओडी आहे. पुदिन्याच्या चहाने तो बरा होतो असं तिने ऐकलंय. त्यात तथ्य किती?"

ताई, दोन गोष्टी आधी सांगते, कारण त्यांना उशीर नको. रात्रीचं पुदिन्याचं पाणी आजपासून बंद करा. आणि अमृतधारा बाळाच्या जवळ नेऊ नका. रुमालावरून नाही, उशीला लावून नाही, छातीला चोळूनही नाही. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. पुदिना हे औषध मला मनापासून आवडतं. चुकीच्या जागी वापरल्यामुळे त्याच्या नावाने बोटं मोडली जातात ते मला बघवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

मी २८ वर्षं कऱ्हाडात वैद्यकी करते. दर उन्हाळ्यात चार-सहा जण तरी हीच तक्रार घेऊन येतात: "पुदिना थंड ना? मग जळजळ का वाढली?" तुमच्या सासूबाईंना मी दोष देणार नाही. पान चावलं की तोंडात गारवा पसरतो, वर पाणी प्यायलं की तो आणखी वाढतो. जे गार लागतं ते थंड, असा हिशोब कुणीही करेल. पण आयुर्वेदात द्रव्य थंड की उष्ण हे जिभेवर ठरत नाही. पोटात गेल्यावर ते काय करतं यावर ठरतं. त्याला वीर्य म्हणतात, आणि पुदिन्याचं वीर्य उष्ण आहे. रस कटू म्हणजे तिखट, विपाकही (पचनानंतर उरणारा परिणाम) कटू, गुण लघु, रूक्ष आणि तीक्ष्ण. कफ आणि वात तो कमी करतो, पित्ताला मात्र डिवचतो. आलं, ओवा, हिंग यांच्या पंगतीत त्याला बसवा. धने, वाळा, सब्जा यांच्या पंगतीत तो बसत नाही.

मग गार का लागतो? याचं उत्तर अलीकडच्या विज्ञानाने फार सुंदर दिलं आहे. आपल्या त्वचेतल्या आणि तोंडातल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे ग्राहक असतात. त्यातल्या एकाचं नाव टीआरपीएम ८. बर्फाने तो जागा होतो, तसाच मेंथॉलनेही, म्हणजे पेपरमिंटमधल्या गार लागणाऱ्या द्रव्यानेही होतो. म्हणजे पेपरमिंटची गोळी चघळताना जीभ खरोखर थंड झालेली नसते, मेंदूला थंडीचा निरोप तेवढा गेलेला असतो. हा ग्राहक २००२ साली सापडला. तो शोधताना ज्यांनी मेंथॉलच वापरलं, त्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहकांच्या शोधासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. जुन्या वैद्यांनी 'स्पर्शाला गार, वीर्याने उष्ण' असा जो भेद केला होता, तो मला हे वाचल्यावर आणखी पटला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. पुदिना हे नाव फारसीतून आलं आहे आणि चरक-सुश्रुतांच्या संहितांत या नावाची वनस्पती नाही. त्याचा खरा सराव युनानी हकिमांचा. अर्क पुदिना, जवारिश पुदिना ही त्यांचीच औषधं. आपल्या वैद्यांनी ते द्रव्य पारखून घेतलं आणि द्रव्यगुणाच्या चौकटीत बसवलं. त्यामुळे कुणी 'पाच हजार वर्षांपासून आयुर्वेदात' म्हणून पुदिन्याचं काही विकायला आलं, तर तिथेच सावध व्हा.

आता तुमच्याकडे वळते. मला तुम्हाला पहिलं विचारायचं आहे की ते पाणी कशाचं करत होतात? बाजारातल्या जुडीची पानं घालून, की दुकानातल्या अर्काचे थेंब टाकून? दोन्हीत फार अंतर आहे. भाजीबाजारात जुडी मिळते तो बहुतेक वेळा पहाडी पुदिना, इंग्रजीत ज्याला स्पिअरमिंट म्हणतात तो. त्याचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा असतो आणि मेंथॉल त्यात जवळपास नसतं. दुसरा पेपरमिंट. तो पहाडी पुदिना आणि पाणपुदिना यांच्या संकरातून झालेला, युरोपात औषध म्हणून रूढ असलेला, आणि मेंथॉलने भरलेला. तिसरा जपानी पुदिना, ज्याला उत्तर प्रदेशातले शेतकरी नुसतं 'मेंथा' म्हणतात. बाराबंकी, बदायूं, रामपूर या पट्ट्यात रब्बी निघाली की पावसाळ्याआधी हे पीक काढतात. शेताच्या कडेला टाक्या असतात, त्यात पाला वाफवून तेल काढतात आणि ते तेल थंड करून मेंथॉलचे खडे वेगळे करतात. 'कोसी' वगैरे त्याचे वाण लखनौच्या सीमॅप या संस्थेने दिले. आपण काष्ठौषधीच्या दुकानातून 'पुदिन्याचं फूल' म्हणून जे पांढरे सुईसारखे खडे आणतो, ते या मेंथ्याचे. तुमच्या चटणीतल्या पुदिन्याशी त्यांचं नातं चुलत भावंडांएवढंच. एका मध्यम जुडीच्या चटणीने जे होत नाही, ते त्या खड्यांच्या चिमटीने होऊ शकतं.

पेपरमिंटचं तेल आतड्याचे आणि अन्ननलिकेचे स्नायू सैल करतं. स्नायूंच्या पेशींत जाणारं कॅल्शियम ते अडवतं, त्यामुळे आवळलेला स्नायू सुटतो. पोटात मुरडा पडला असेल तेव्हा हेच आपल्याला हवं असतं. पण अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी आहे. जठरातलं आंबट वर येऊ नये म्हणून ती आवळलेली असावी लागते, आणि मेंथॉल तिलाही सैल करतं. मग आंबट वर चढतं, आणि छातीत जळतं. पहाडी पुदिन्याबाबत एवढं म्हणता येत नाही. निरोगी माणसांवर तपासलं तेव्हा चवीपुरत्या मात्रेने त्या कडीवर काही परिणाम दिसला नाही. मात्रा वाढवल्यावर काहींना त्रास झाला, पण तो अन्ननलिकेच्या अस्तराला थेट चुणचुणल्यामुळे. ज्याचं अस्तर आधीच सोललेलं आहे, त्याला ती चुणचुण जास्त लागणार. त्यात तुम्ही ते रात्री, जेवण झाल्यावर, वर पेलाभर पाण्यासकट घेत होतात. भरल्या पोटात आणखी पाणी, आणि थोड्या वेळात आडवं होणं. नुसतं साधं पाणी घेतलं असतंत तरी थोडीफार जळजळ वाढली असती.

मग पुदिना कुणासाठी? ज्याच्या पोटात वायू अडकतो त्याच्यासाठी. जेवल्यावर पोट डब्ब होतं, ढेकर येत नाही, बेंबीभोवती कळ येते, गुरगुरतं, वारा सरला की हलकं वाटतं, अशा माणसाला पुदिना म्हणजे हक्काचं औषध. लग्नकार्यात दोन वेळा जड खाणं झालं, वालाची उसळ किंवा छोले बाधले, प्रवासात बाहेरचं खाऊन पोट फुगलं, तोंडाला चव नाही, मळमळतंय, अशा वेळी मी दुसरं काही शोधत नाही.

करायची रीत मात्र नीट हवी. अर्धे लोक इथेच औषध वाया घालवतात. पुदिना उकळायचा नाही. त्याचा सगळा गुण उडून जाणाऱ्या तेलात आहे. पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळला की स्वयंपाकघरात छान वास सुटतो, आणि जो वास घरभर पसरला तेवढं औषध तुमच्या पेल्यातून गेलं. शारंगधरांनी औषध काढण्याचे पाच मूळ प्रकार सांगितले आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फाण्ट. सुगंधी, नाजूक द्रव्यांसाठी त्यातला फाण्ट योग्य. म्हणजे उकळलेलं पाणी खाली उतरवायचं आणि त्यात द्रव्य टाकून झाकून ठेवायचं. मोठ्या माणसासाठी दहा-बारा ताजी पानं हातानेच फाडून कपात घाला, सुकी असतील तर एक सपाट चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम. त्यावर दीडशे मिलीलिटर कडक पाणी ओता, बशी झाका आणि सात-आठ मिनिटं हात लावू नका. बशीच्या खालच्या बाजूला जे थेंब जमतात ते परत कपात निथळू द्या, तेलाचा बराच अंश तिथेच अडकलेला असतो. गाळून कोमट असताना घोट-घोट घ्या. दुखतंय तोवर दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-तीन दिवस. पोट फार फुगलं असेल तर पानांबरोबर चिमूटभर ओवा चुरून घालते. साखर घालू नका, लागलाच तर चिमूटभर सैंधव. ताज्या पानांचा रस काढलात तर एक ते दोन चहाचे चमचे पुरे, तो तसाच न घेता ताकात मिसळा. जिरं घातलेलं पातळ ताक आणि त्यात हा रस, याच्याइतकं मे महिन्यातल्या दुपारी पोटाला मानवणारं मला दुसरं ठाऊक नाही. ताक मात्र गोड हवं. आंबट ताकात पुदिना घालून आम्लपित्ताच्या माणसाला देऊ नये.

वर्षानुवर्षं पोट दुखतं, कधी जुलाब कधी मलावष्टंभ, सगळ्या तपासण्या ठीक, आणि परीक्षा किंवा घरातलं टेन्शन आलं की त्रास वाढतो, अशा रुग्णांना आधुनिक वैद्यक आयबीएस म्हणतं. तिथे पुदिन्याच्या तेलाचा अभ्यास बराच झाला आहे. हे तेल साध्या थेंबांनी घेत नाहीत. आतड्यात जाऊनच विरघळेल असं वेष्टन असलेल्या कॅप्सूलमध्ये देतात, एका कॅप्सूलमध्ये साधारण ०.२ मिली. जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, न चावता. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत आयबीएससाठी ते सुचवलं आहे. नेदरलँड्समध्ये १९० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र आधी ठरवलेल्या मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नाही. दुखणं आणि अस्वस्थता थोडी कमी झाली इतकंच. माझा अनुभव या दोन्हींच्या मधला आहे. दहातल्या निम्म्यांना चांगला उतार पडतो, बाकीच्यांना फारसा नाही. या कॅप्सूलबरोबर अॅन्टासिड घेतलं तर वेष्टन जठरातच सुटतं आणि जळजळ होते. ज्यांना पित्ताशयात खडे किंवा यकृताचा आजार आहे त्यांनी हे तेल स्वतःच्या मनाने सुरू करू नये. आणि स्नायू सैल होतो हे केवळ पुस्तकी नाही: जपानमध्ये दुर्बिणीने जठर तपासताना ते आकसू नये म्हणून आत मेंथॉलचा फवारा मारतात.

आता बाळाबद्दल. हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

अमृतधारा म्हणजे कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल हे तीन खडे समभाग. तिन्ही कोरडे, पण एका बाटलीत घालून हलवले की आपोआप पाणी होतं. लहानपणी आमच्या घरी हे बघायला आम्ही मुलं गोळा व्हायचो. लाहोरच्या पंडित ठाकूरदत्त शर्मा यांनी १९०१ साली हे औषध या नावाने बाजारात आणलं आणि ते देशभर घराघरांत गेलं. मोठ्या माणसाच्या पोटदुखीला बत्ताशावर दोन थेंब, हा त्याचा चांगला उपयोग आहे आणि मी तो नाकारत नाही. पण तिसरा हिस्सा कापूर आहे हे विसरू नका. पाच मिलीच्या छोट्याशा बाटलीत दीड ग्रॅमच्या आसपास कापूर असतो, आणि एखादा ग्रॅम कापूरही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. कापूर पोटात गेल्यावर काही मिनिटांत आकडी येऊ शकते. तसं कधी झालंच तर उलटी करवू नका, तूप-दूध पाजत बसू नका, बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

हुंगवण्याने काय बिघडतं, असं तुमच्या घरात कुणी विचारेल. मेंथॉलचा तीव्र वास तान्ह्या मुलाच्या नाकात गेला की स्वरयंत्र आवळण्याची आणि श्वास क्षणभर थांबण्याची प्रतिक्षिप्त क्रिया होऊ शकते. मोठ्यांत हे सहसा होत नाही, बाळांत होतं. म्हणूनच दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाजवळ किंवा छातीला मेंथॉल-कापराचं काहीही लावायचं नसतं, मग ते बाम असो, रोल-ऑन असो की घरची पुरचुंडी. आणि ज्यासाठी हे करतो ते तरी साधतं का? मेंथॉलने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण नाकाचा मार्ग मोजला तर तो रुंद झालेला नसतो. थंडी ओळखणारे तेच ग्राहक मेंदूला 'हवा येतेय' असा निरोप देतात. मोठ्या माणसाला त्या भासानेही झोप लागते, तेवढा फायदा मान्य. बाळाला मात्र नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब द्या. औषधाच्या दुकानात सलाईन ड्रॉप्स म्हणून मिळतात. दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब, आणि पाच मिनिटांनी अंगावर घ्या. बाळ सर्दीत दूध ओढेनासं झालं, श्वास घेताना बरगड्या आत जाऊ लागल्या किंवा निळसर दिसलं, तर घरी काही करत बसू नका.

नणंदेचा प्रश्न मला आवडला, कारण इथे आपला साधा बाजारातला पुदिनाच कामाचा आहे, पेपरमिंट नाही. तुर्कस्तानातल्या एका गावात पुरुषांनी तक्रार केली की पुदिन्याचा चहा जास्त प्यायल्याने त्यांची कामेच्छा कमी होते. त्यावरून तिथल्या डॉक्टरांनी उलटा विचार केला: ज्या बायकांच्या शरीरात, पीसीओडीत बऱ्याचदा असतात तशी, पुरुषी संप्रेरकं जास्त आहेत त्यांना याचा उपयोग होईल का? २००७ साली २१ बायकांना पाच दिवस रोज दोन कप पहाडी पुदिन्याचा चहा दिला, आणि रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरलं. पुढे २०१० मध्ये इंग्लंडमधून ४२ जणींवरची ३० दिवसांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिथेही संप्रेरक उतरलं. त्या बायकांना स्वतःला चेहऱ्यावरचे केस कमी वाटले, पण डॉक्टरांनी ठरलेल्या पद्धतीने मोजलं तेव्हा केसांत फरक दिसला नाही. तीस दिवसांत दिसणारही नव्हता, केसाचं चक्र महिन्यांचं असतं. म्हणजे दिशा खरी आहे, पण दोन छोट्या अभ्यासांवर 'पीसीओडी बरा होतो' म्हणणं हे त्या मुलीची फसवणूक करणं आहे. पाळी नियमित होण्याबद्दल, वजनाबद्दल, साखरेबद्दल या चहाने काही सिद्ध केलेलं नाही.

तिला घ्यायचा असेल तर वर सांगितलेल्या रीतीने सकाळ-संध्याकाळ एकेक कप, सहा महिने घेऊन बघू दे. चालणं, जेवण आणि तिच्या डॉक्टरांच्या गोळ्या यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही. बाळासाठी प्रयत्न चालू असतील आणि पाळी चुकली, तर तेवढ्यावर चहा थांबवावा. जेवणात चटणी-कोशिंबिरीपुरता पुदिना गरोदरपणी चालतो, औषधाच्या मात्रेत नको. कुणी परदेशातून 'पेनीरॉयल' नावाचा पुदिना आणून दिला तर तो अजिबात घ्यायचा नाही. दिसायला पुदिन्याच्याच कुळातला, पण त्यातलं पुलेगॉन नावाचं द्रव्य यकृत निकामी करतं. गर्भ पाडण्यासाठी त्याचं तेल घेतलेल्या बायका दगावल्याची नोंद आहे.

आणखी एक, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींचं रक्त कमी असतं. पुदिन्याचा चहा जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेऊ नका. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाच्या जेवणाबरोबर पेपरमिंटचा चहा दिला, तेव्हा लोहाचं शोषण ८४ टक्क्यांनी घटलं. आपल्या दुधाविना काळ्या चहाने ते ७९ ते ९४ टक्के घटत होतं, म्हणजे दोघं जवळपास सारखेच. 'हर्बल आहे' म्हणून यातून सुटका नाही. लोहाची गोळी आणि हा चहा यांच्यात दोन तास तरी जाऊ द्या. चटणीबद्दल विचाराल तर ती खुशाल खा. तिच्यात लिंबू पिळा, लिंबाने लोह शोषायला मदत होते.

डोकेदुखीचं थोडक्यात. ताणाने डोकं आवळल्यासारखं दुखतं तेव्हा पेपरमिंटचं तेल कपाळाला लावणं हा चांगला उपाय आहे. जर्मनीत १९९६ च्या एका चाचणीत अल्कोहोलमधलं १० टक्के तेल कपाळाला लावल्यावर १००० मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉलच्या जवळपास उतार पडला. घरी चमचाभर खोबरेल तेलात पाच-सहा थेंब मिसळून कानशिलांवर आणि कपाळावर लावा. डोळ्यांपासून दूर ठेवा, हात लगेच साबणाने धुवा, आणि बाळाला घेण्याआधी तर नक्कीच. मुखदुर्गंधीला पुदिना चघळला तर तासभर बरं वाटेल, पण हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्य गाठा.

यापुढचं लिहिताना मला जड जातं. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका पन्नाशीच्या शेतकऱ्याला रात्री दहाच्या सुमारास छातीत भरून आलं. संध्याकाळी भजी खाल्ली होती, म्हणून घरच्यांनी गॅस ठरवला. सोडा पाजला, अमृतधारा दिली, पुदिन्याचा रस दिला. मधे थोडं बरं वाटलं. पहाटे घाम फुटला तेव्हा माझ्याकडे आणलं. मी नाडीला हात लावला आणि काही न देता गाडी सरळ कार्डिॲक रुग्णालयाकडे वळवायला सांगितली. जीव वाचला, पण सात-आठ तास गेले होते. हृदयाचा बराच भाग कायमचा अशक्त झाला, आणि तो माणूस पुन्हा औत धरू शकला नाही. पुदिन्याने त्याचं काही वाईट केलं नाही, फक्त वेळ खाल्ला. म्हणून सांगते: चाळिशीपुढच्या माणसाला, त्यातून मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू असेल, तर छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, धाप यांपैकी काहीही झालं की आधी ईसीजी, मग पुदिना. बायकांमध्ये तर कधी नुसती मळमळ आणि थकवा एवढंच दिसतं. तसंच जळजळीबरोबर काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं किंवा आपोआप वजन उतरणं असेल, तर घरगुती उपाय करत थांबायचं नाही.

पुदिना आणताना जुडीचा वास घ्या आणि देठ मोडून बघा, कडकन मोडला तर ताजा. शहरांच्या कडेला पालेभाजी बऱ्याचदा नाल्याच्या पाण्यावर वाढते आणि पुदिना जमिनीला चिकटून असतो, म्हणून पानं खुडून वाहत्या पाण्यात तीन-चारदा चोळून धुवा. पावसाळ्यात मी कच्च्या चटणीपेक्षा फाण्टच सांगते, कडक पाण्यामुळे त्यातली भीती बरीच कमी होते. सगळ्यात चांगलं म्हणजे घरी लावणं. जुडीतलीच दोन जाडसर देठं घ्या, खालची पानं काढून पाण्याच्या पेल्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. उथळ, पसरट कुंडीत लावा, कारण तो जमिनीखालून धुमारे टाकत आडवा पसरतो. जमिनीत लावलात तर दोन वर्षांत शेजारच्या वाफ्यात पोचेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळचं ऊन आणि दुपारची सावली त्याला मानवते. फुलोरा यायच्या जरा आधी पान सगळ्यात सुगंधी असतं, तेव्हा पेराच्या वर कापा आणि जास्तीचं सावलीत, सुती कपड्यावर वाळवा. उन्हात वाळवलेला पुदिना हिरवा दिसला तरी वासाला पोकळ असतो. काचेच्या बरणीत सहा महिने ठीक, वर्षाचा जुना फेकून द्या.

आता तुम्ही काय करायचं ते. तीन आठवडे पुदिना औषध म्हणून पूर्ण बंद. चटणीही दुपारच्या जेवणापुरती, चमचाभर. रात्रीचं जेवण झोपण्याच्या किमान तीन तास आधी संपवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली चार-सहा इंचांच्या विटा ठेवा. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडतं आणि उलट त्रास होतो. दोन चमचे धने जाडसर कुटून रात्री पेलाभर पाण्यात भिजत घाला, सकाळी गाळून ते पाणी घ्या. हा हिम, पित्ताला मानवणारा. रोज रात्री वहीत एवढंच लिहा: काय खाल्लं, किती वाजता, जळजळ किती वाजता झाली, आणि पोट फुगलं होतं का. दोन वर्षांचा त्रास आहे, तेव्हा एकदा पोटविकारतज्ज्ञांना दाखवून घ्या, आणि आजवर कोणत्या गोळ्या घेतल्यात त्याची यादी बरोबर ठेवा. डोकेदुखी-सांधेदुखीच्या गोळ्या रोज घेत असाल तर ते आधी सांगा. तीन आठवड्यांनी ती वही मला दाखवा. जळजळ गेली आणि नुसतं फुगणंच उरलं असेल, तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी अर्धा कप फाण्टापासून पुदिना पुन्हा सुरू करू.